बारा जूनला फड रिकामा असतो

१२ जून हा जागतिक बालकामगारविरोधी दिन. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तो २००२ साली सुरू केला आणि आपल्या देशातही तो नेमाने पाळला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रभातफेरी निघते, शपथ होते, हॉटेलं आणि गॅरेजं तपासली जातात, काही मुलांची सुटका होते. एका मुलाची सुटका झाली तरी त्या दिवसाचं सोनं झालं, असं मी मनापासून मानतो. पण बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबाच्या अंगणातून या तारखेकडे पाहिलं की जीव कासावीस होतो. जूनमध्ये उसाचे फड रिकामे असतात. मार्च-एप्रिलात हंगाम संपून पट्टा पडलेला असतो, माणसं गावाकडे परतलेली असतात, पेरणीची वाट बघत असतात. शाळासुद्धा अजून उघडलेली नसते. ज्या मुलांसाठी हा दिवस, ती त्या दिवशी घरीच असतात.

ती निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. धारूर, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज... गावोगाव ट्रक लागतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, सरपण, शेळी आणि वर पोरं. १४ नोव्हेंबरला शाळेत बालदिन साजरा होतो, तेव्हा यांतली कितीतरी मुलं सांगली-कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतात.

फडातलं काम एकदा जवळून पाहावं. पहाटेच्या अंधारात आईबाप कोयते घेऊन निघतात. कोपीत राहते नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी. कडेवर धाकटं भावंड घ्यायचं, पाणी आणायचं, भाकरी थापता येत असेल तर थापायची आणि ऊन चढलं की फडात जाऊन वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचं. वाढ्याची पेंढी विकून रोजचा मीठमिरचीचा खर्च निघतो. मोळ्या बांधायला, गाडी भरायला तिचे हात लागतातच. मजुरी टनावर असते, म्हणून घरातला प्रत्येक जास्तीचा हात टनात मोजला जातो. मात्र टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत तिचं नाव कुठेच नसतं. त्या वहीत फक्त ‘कोयता’ असतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिली जाते ती या जोडीला.

कायद्याच्या नजरेतूनही ही मुलगी निसटते. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच उद्योगांत बंदी आली आणि शिक्षाही वाढली, ही मोठीच गोष्ट. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या कामात मदत करायची मुभा त्याच दुरुस्तीने ठेवली. आता भावंडं सांभाळणारी, आईच्या मागे मोळी ओढणारी मुलगी तर मदतच करते, असं कुणीही म्हणू शकतं. तिची शाळा शेकडो किलोमीटर मागे राहिली, हे कोण विचारणार? २०११च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची सुमारे एक कोटी मुलं कामावर असल्याची नोंद आहे. त्या कोटीत ही मुलगी असेल का, याची मला शंका वाटते.

तिच्या थोरल्या भावाची गोष्ट याहून वेगळी आहे असं आपण समजतो. त्याच्यासाठी दिवसही निराळे ठेवलेत. १२ जानेवारीला राष्ट्रीय युवा दिन, १५ जुलैला युवा कौशल्य दिन. त्या दिवशी रोजगार मेळावे, व्याख्यानं, बायोडेटाच्या थप्प्या. हा भाऊ दर हंगामात सहा महिने शाळेबाहेर राहून कसाबसा बारावी झाला, कुठून तरी बी.ए.सुद्धा झाला. पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतो. भरती निघते तेव्हा एका जागेमागे किती अर्ज येतात, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. दोन-तीन भरत्या गेल्या की घरचे म्हणतात, आता लग्न करून टाक. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला पूर्ण उचल मिळत नाही. मग कोयता पुरा व्हावा म्हणून दुसऱ्या घरातली एखादी अल्पवयीन मुलगी बोहल्यावर चढते. बापाची न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते, आणि आणखी काही वर्षांनी कोपीत पुन्हा एक थोरली मुलगी असते.

म्हणून बालमजुरी आणि तरुणांची बेकारी यांना दोन वेगळे विषय म्हणायला माझं मन धजत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालाने दाखवून दिलं की देशातल्या बेकारांमध्ये जवळपास ८३ टक्के तरुण आहेत आणि त्यांत शिकलेल्यांचा वाटा वाढतोय. एकीकडे धडधाकट हातांना काम नाही, दुसरीकडे कोवळे हात कामाला जुंपलेले. काम कमी आहे, हे याचं अर्धंच उत्तर झालं. मोठ्या माणसाच्या एकट्याच्या मजुरीत घर भागत नाही, म्हणून मूल लागतं. आणि मूल फुकट राबतं, म्हणून मोठ्याची मजुरी वाढत नाही.

ही गाठ सर्वोच्च न्यायालयाने फार आधी ओळखली होती. शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी कारखान्यांतल्या मुलांसाठी वकील एम. सी. मेहता न्यायालयात गेले. १० डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, धोकादायक कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये निधीत भरावेत आणि सरकारने त्या मुलाच्या घरातल्या एका प्रौढाला त्याच्या बदली काम मिळेल असं पाहावं. ते जमलं नाही तर सरकारने स्वतः पाच हजार रुपये भरावेत आणि निधीच्या व्याजावर मूल शिकावं. मुलाच्या बदली मोठा! इतकी सरळ, घरगुती समज असलेला न्याय मी क्वचितच वाचला आहे. पण त्यातला वीस हजारांचा दंड लोकांच्या लक्षात राहिला आणि नोकरीचा भाग मागे पडला. खरा प्राण त्या नोकरीतच होता.

महाराष्ट्राला तर हे कुणी शिकवायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच राज्याने उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. गावात काम मिळालं तर गाव सोडावं लागत नाही, हे आपल्या बापजाद्यांनी अनुभवलं आहे. मुलांना आजी-आजोबांजवळ गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहंही आपल्याकडे आहेत. ती दिवाळीआधी सुरू व्हायला हवीत. ट्रक हलल्यावर मंजुरी आली तर वसतिगृहात बसवायला मूल आणायचं कुठून?

बारा जून असू द्या, प्रभातफेरीही निघू द्या. पण असा एक दिवस सप्टेंबरात, गावात, ग्रामसभेत पाळला जावा असं मला फार वाटतं. त्या दिवशी घोषणा नकोत, यादी हवी: यंदा कुठल्या घरातून कोणतं मूल चाललंय, त्या घरात कामाविना बसलेला तरुण कोण आहे, आणि त्याला रोजगार हमीवर, ग्रामपंचायतीत किंवा त्याच वसतिगृहात काय काम देता येईल. शाळेच्या बाईंना बोलवावं, ग्रामसेवकाला बोलवावं. मुकादमालाही बोलवावं, कारण ट्रकमध्ये कोण चढणार आहे हे त्याच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं.