शून्य रक्तदाबाच्या बायका

पस्तीस बायकांचा रक्तदाब शून्य, आणि तुला त्यात काही वावगं दिसलं नाही? अरे, दवाखान्यातल्या कंपाउंडरनेसुद्धा हा आकडा पाहून आधी डॉक्टरांना हाक मारली असती. तू मात्र त्यावर मॉडेल बसवलंस, अचूकतेचा टक्का काढलास आणि प्रबंधाचं प्रकरण म्हणून माझ्यापुढे ठेवलंस.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा समाजाच्या ७६८ स्त्रियांची ही माहिती. मधुमेहाचं भाकीत शिकणारी पोरं वर्षानुवर्षं हीच घोकतात. रक्तदाबाच्या रकान्यात ३५ शून्यं, बीएमआयच्या ११, ग्लुकोजच्या ५, त्वचेच्या घडीच्या २२७ आणि इन्सुलिनच्या तब्बल ३७४. ही मोजमापं नव्हेत, न झालेल्या नोंदींच्या जागी पडलेली शून्यं आहेत. कॉम्प्युटरला ते कळत नाही. तुला कळायला हवं होतं.

मी बोललो, तर सगळीच शून्यं पुसून आलास. गर्भधारणेच्या रकान्यातलीसुद्धा! कधीच गरोदर न राहिलेल्या बाईचं शून्य खरं असतं, एवढाही विचार नको? रकाना कशाचा आहे हे न वाचता हात चालवतोस कसा?

मग म्हणालास, 'सर, अपुऱ्या ओळी काढून टाकतो.' टाक. ७६८ मधल्या ३९२ उरतील. निम्म्या बायका केराच्या टोपलीत! उरलेल्या कोण? ज्यांची प्रत्येक तपासणी नोंदली गेली, त्या. त्या बाकीच्यांसारख्याच आहेत, हे तुला कोणी सांगितलं?

त्यावर तुझा तोडगा काय, तर सरासरी भरायची. ३७४ बायकांना एकच इन्सुलिन! माणसामाणसातला फरक पुसलास, इतर रकान्यांशी असलेलं नातं पातळ केलंस, आणि वर अंदाजाला मोजमापाचा मान दिलास. भरीस भर म्हणजे ती सरासरी काढलीस सगळ्या माहितीवरून, परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या ओळी धरून. याला पेपर फोडणं म्हणतात.

मल्टिपल इम्प्युटेशनचं, म्हणजे रिकाम्या जागी एकाऐवजी अनेक अंदाज भरण्याच्या रीतीचं, नाव घेऊन सुटशील असंही समजू नकोस. २००७ साली ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका सांगणारं क्यूरिस्क हे मॉडेल बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुष्कळ रुग्णांचं कोलेस्टेरॉल नोंदलेलं नव्हतं, ते या पद्धतीने भरलं होतं. निघालं काय? कोलेस्टेरॉलच्या गुणोत्तराचा हृदयविकाराशी संबंधच नाही! जाणत्या वाचकांनी हटकलं. पूर्ण नोंदी असलेल्या रुग्णांत संबंध स्पष्ट होता, आणि भरण्याची रीत सुधारल्यावर तो पुन्हा दिसला. मुरलेल्या संशोधकांची ही गत, तिथे तू बटण दाबून मोकळा होणार?

नीट ऐक. मॉडेल बांधताना रिकाम्या जागा भरतोस, तेव्हा रुग्णाला पुढे आजार झाला की नाही हेही त्या गणितात धरावं लागतं. वगळलंस तर नातं विरतं. पण खाटेवरच्या रुग्णाचं पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसतं. तिथे तपासणी झालेली नसेल तर तुझं मॉडेल काय करणार, हे आजच ठरवायला हवं. प्रकरणात त्याबद्दल एक ओळ नाही.

आणि जागा रिकामी राहते ती कशामुळे? डॉक्टरांना गरज वाटली नाही, रुग्णाकडे पैसे नव्हते, यंत्र बंद होतं की रुग्ण तपासणीआधीच गेला? रक्तातलं लॅक्टेट डॉक्टर सहसा गंभीर आजाराचा संशय आला तरच मागवतात. तिथे नोंद नसणं हीच बातमी असते. पण हॉस्पिटल बदललं, तपासणीची सवय बदलली, की तीच बातमी खोटी ठरते. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्येच या कारणांची शिस्त लावून दिली. तू ती पाठ केलीस, वापरली नाहीस.

आता प्रकरण परत ने. प्रत्येक रकान्यात किती नोंदी नाहीत, का नाहीत, त्या कशा भरल्या आणि दुसऱ्या रीतीने भरल्यावर निकाल किती हलला, हे सगळं लिही. तोवर माझी सही मिळणार नाही.