धूर विस्तवाचा नव्हे

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवान अर्जुनाला सांगतात की आपल्या वाट्याचं कर्म सदोष असलं तरी टाकू नये, कारण विस्तव धुराने वेढलेला असतो तशी सगळीच कर्मं दोषाने वेढलेली असतात. रणांगणावरचा हा दृष्टान्त आमच्या संगमेश्वर तालुक्यात मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अनेकदा ऐकला आहे. चुलीला धुराडं बसवू या म्हटलं की कोणीतरी वडीलधारं माणूस तो काढतं. चूल आली की धूर आलाच, संसार आला की भोग आलेच, आमच्या आयांनी काय केलं? हे ऐकून मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही. माझ्या सासूबाईंनी उभा जन्म त्या धुरात काढला. विडी-तंबाखूला त्या कधी शिवल्या नाहीत, पण शेवटच्या वर्षांत चार पायऱ्या चढल्या की दम लागून खांब धरून उभ्या राहायच्या.

नुसत्या रागाने मात्र श्लोक खोटा पडत नाही. मी माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवलं, गीता मनापासून मानते, त्यामुळे हा दृष्टान्त बाजूला सारून पुढे जाणं मला जमणार नाही. माझ्यापुढचा प्रश्न असा आहे: धूर हा विस्तवाचा स्वभाव आहे का? असेल तर तो सोसण्यातच शहाणपण. नसेल तर दुसऱ्याला तो सोसायला लावणं हा अधर्म.

याचं उत्तर आपल्याच शास्त्राच्या पहिल्या पाठात आहे. न्यायशास्त्र शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला आधी डोंगरावरचा धूर दाखवतात. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात; समोरच्या डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त हे अनुमान आहे, आणि हेत्वाभासांच्या चर्चेत तेच उलटं करून तपासलेलंही आहे. अग्नी आहे म्हणून तिथे धूर असणारच, असं म्हणता येईल का? नैयायिक म्हणतात, नाही. लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर येतो कुठून? ओल्या सरपणाच्या संयोगातून. अशा बाहेरून आलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. ती अट असेल तर धूर आहे, नसेल तर नाही.

गीतेने दृष्टान्तासाठी रोजचा अनुभव घेतला, नैयायिकांनी त्या अनुभवाचं कारण शोधलं. मी दोन्ही एकत्र वाचते. कर्माला दोष चिकटलेला असतो हे खरंच आहे. पण त्यातला अंगचा किती आणि आपल्या आळसाने, कंजूषपणाने, सवयीने आलेला किती, हे तपासण्यातून गीतेने कोणालाही सूट दिलेली नाही.

म्हणून चुलीपाशीच बसून तपासू. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते चुलीत सारलं की टोकाला फेस येतो, चर्र आवाज होतो आणि सगळी धग ते पाणी आटवण्यात जाते. लाकूड तापल्यावर जे वायू सुटतात ते पेट घेतील एवढी उष्णता उरत नाही. ते अर्धवट जळून वर जातात, तोच धूर. पाणी वीस टक्क्यांच्या आत आलं की लाकूड नीट जळतं, आणि त्यासाठी फोडून, जमिनीपासून वर, वारा खेळेल असं रचून निदान एक उन्हाळा जावा लागतो. दोन फोडी एकमेकींवर आपटून पाहा. वाळलेल्या खणखणीत वाजतात, ओल्या भद्द. वाळलेल्याच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल सुटलेली असते. आमच्याकडे आगोटीला ऐन-किंजळीचं सरपण खोपीत भरून घेतात, त्यामागे हेच आहे. श्रावणात ओली लाकडं पेटवायला रॉकेल ओतणाऱ्यांच्या घरी हात-तोंड भाजल्याची हकिगत हमखास ऐकायला मिळते.

नैयायिकांची यादी मात्र मला अपुरी वाटते. वाळकं लाकूडही कोंडलं की धुमसतं. चुलीचं तोंड लाकडांनी ठासून भरलं, राख वर्षभराची साचू दिली, तर हवा आत जाणार कशी? आणि कितीही नीट पेटवली तरी चूल पेटताना आणि विझताना थोडा धूर होतोच. त्या उरलेल्या धुराला घराबाहेरची वाट द्यावी लागते. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करणाऱ्यांनी धुराड्याची 'मगन चूल' केली. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५३ मध्ये निर्धूर चुलीवर पुस्तिका काढली. ही माणसं यज्ञाची भाषा बोलत नव्हती, पण अग्नीची सेवा त्यांनी केली असं मी म्हणेन.

आमच्या घरी वैलाची नवी चूल घातली तेव्हा मी गवंडीदादांच्या शेजारी बसून होते. जाळ पहिल्या तोंडातून वैलाखाली जातो, तिथून धुराड्यात. पाइप चार इंची, सरळ उभा, शक्य तोवर वाकण नाही. कौलांच्या वर निदान तीन फूट, आणि आढं जवळ असेल तर त्याच्याहून उंच, नाहीतर आढ्यावरून उतरणारा वारा धूर पुन्हा घरात लोटतो. वर पावसासाठी टोपी, तळाशी काजळी काढायला झडप. एका बाबतीत मी अडून बसले: पाइप वाशाला टेकता कामा नये. तापत्या पाइपाला लागून असलेलं लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहतं, आतून कोळशासारखं होतं आणि एखाद्या दिवशी थोड्या उष्णतेनेही पेट घेतं. गवंडीदादा म्हणाले, "बाई, मग वासा कापायला लागेल." मी म्हटलं, "कापा, आणि शेजारच्या वाशांना आडवा धीर द्या." त्यांनी वासा कापला, चहूबाजूंनी वीतभर जागा सोडून पत्र्याची चौकट बसवली.

त्यांची खरी शंका निराळी होती. "धूर गेला की वाशांना वाळवी लागेल. इतकी वर्षं धुरानेच टिकलेत." हे त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. कोकणातली छपरं, माळ्यावरचं बियाणं, आढ्याला टांगलेल्या मक्याच्या कणसांच्या माळा, सगळं धुराने राखलेलं असतं. पण वाशाला काजूच्या टरफलांचं तेल लावता येतं. बाईच्या फुप्फुसाला लावायला तसं काही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, त्यांतली दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालची मुलं. पाइपाचे पैसे देतो पुरुष, आणि तीन-तीन तास धुराशेजारी असते ती बाई आणि तिच्या कडेवरचं लेकरू. दोष सहज आहे असं सांगणाऱ्याने तो स्वतःच्या छातीत घेऊन मग सांगावं.

पेटवायच्या आधी आम्ही चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. तिचा धूर क्षणभर वर गेला, डगमगला, मग आडवा होऊन आत ओढला गेला. धुराडं ओढतं आहे हे कळायला एवढं पुरतं. उदबत्तीचा धूर तोंडाबाहेर परतला तर चूल पेटवू नये, आधी वाट मोकळी करावी.

इथवर नैयायिकांचं बोट धरून आले. पण धूर नाही तिथे दोष नाही, असं अनुमान कोणी काढलं तर ते जिवावर बेतेल. निखाऱ्यांना धूर नसतो. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी आणण्याइतकीही दया त्याच्यात नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. माणूस झोपेतच जातो. आणि आपल्याकडे काय चालतं? बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारं-खिडक्या बंद, वाऱ्याची झुळूकही नको. परंपरेच्या नावाने हे करणाऱ्यांना मी शास्त्रच दाखवते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अग्नी खाली ठेवू नये असं सांगितलं आहे, आणि भाष्यकार त्याचा अर्थ खाटेखाली असा करतात. तिथेच अग्नीत अपवित्र वस्तू टाकू नये असंही आहे. आज त्या यादीत मी प्लॅस्टिकच्या पिशव्या, रंग दिलेल्या चौकटी आणि प्लायवूडचे तुकडे घालते. त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी.

मनुस्मृतीचं नाव घेतलं की मला थांबून एक सांगायला हवं. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला तिची होळी झाली. माणसाला माणसापासून तोडणाऱ्या त्या नियमांचं तेच व्हायला हवं होतं. त्या ग्रंथाच्या अधिकाराने मी काही मागत नाही. पण त्यात एक जुना हिशेब आला आहे, तो मला खरा वाटतो. गृहस्थाच्या घरात जीवहत्येच्या पाच जागा सांगितल्या आहेत: चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यात पहिली चूल. सरपणातल्या मुंग्या, वाळव्या, भुंगेरे जळतात, आणि त्याशिवाय कोणाचंही अन्न शिजत नाही. या ऋणाच्या फेडीसाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले: अध्ययन, पितरांचं तर्पण, देवांसाठी होम, भूतमात्रांना बळी, अतिथीला अन्न. माझे वडील रोज वैश्वदेव करत. ताटावर बसण्याआधी भाताची शितं विस्तवात पडायची, मग कावळ्याला, मग गाईला.

इथे मला गीतेच्या दृष्टान्ताचा अर्थ लागतो. सरपणातली मुंगी वाचवायची म्हणून लाकूड झटकून, उन्हात घालून चुलीत सारता येतं, तरी एखादी राहतेच. तो अंगचा दोष. तो मान्य करून, त्याची जाण ठेवून, कोणाला तरी घास देऊन जगायचं. पण ज्यांनी मुंगीचा हिशेब ठेवला त्यांनी चुलीपुढे बसलेल्या बाईचा श्वास त्यात धरला नाही. ती हत्या टाळता येण्याजोगी होती, म्हणून तिला प्रायश्चित्त पुरत नाही. तिथे धुराडंच लागतं.

कोणी म्हणेल, मग विस्तवच सोडावा. संन्यासी तेच करतो, अग्नी टाकतो आणि भिक्षा मागतो. पण त्याच्या झोळीतली भाकरी कुठल्या ना कुठल्या चुलीवरच भाजलेली असते. सहाव्या अध्यायाच्या आरंभीच गीता सांगते की नुसता अग्नी टाकल्याने कोणी संन्यासी होत नाही. गॅस घेतला की प्रश्न मिटला म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगते. आमच्याकडेही गॅस आहे, चहा आणि घाईचा स्वयंपाक त्यावरच होतो, आणि ज्याला परवडेल त्याने सगळाच त्यावर करावा. पण सिलिंडर भरायला पैसे नसलेल्या घरांत, न्हाणीच्या चुलवणाखाली, लग्नकार्यातल्या मोठ्या चुलाण्यावर लाकूड जळतच राहणार आहे. जिथे ते जळतं तिथली जबाबदारी टळत नाही.

या जबाबदारीतलं सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे काजळी. सरकारी योजनांतून बसवलेल्या कितीतरी निर्धूर चुली मी धूर ओकताना पाहिल्या, कारण बसवल्यानंतर धुराड्यात कोणी काठीसुद्धा घातली नव्हती. पाइप आतून अरुंद होतो, धूर परततो, आणि जाड साचलेली काजळी एखाद्या दिवशी आतल्या आत पेटते. म्हणून माझं मागणं असं: आगोटीला कौलं शाकारायला माणूस वर चढेल तेव्हाच टोपी काढून पाइप वरून साफ करून घ्या. श्रावणात शीतळा सप्तमीला चूल सारवून थंड ठेवतात, त्या दिवशी तळाची झडप उघडून उरलेली काजळी काढा. राख पत्र्याच्या डब्यात भरून अंगणात ठेवा, घराला किंवा खोपीला लावून नको. आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. चुलीशेजारी पाण्याची बादली भरलेली असू द्या, आणि चुलीपुढे बसताना अंगावर सुती कापड असू द्या. झडप उघडण्याचं काम घरातल्या पुरुषाने स्वतः करावं, बाईला सांगू नये. तेवढा यज्ञ त्याच्या वाट्याचा आहे.