मरण आतले की बाहेरचे?

लिओनार्ड हेफ्लिक (१९२८–२०२४) या अमेरिकी पेशीशास्त्रज्ञाच्या शोधाने एका जुन्या तात्त्विक प्रश्नाची मांडणीच बदलली. मरण जिवाला बाहेरून गाठते, की ते त्याच्या घडणीतच असते?

त्यांच्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक जीवशास्त्राचे उत्तर ‘बाहेरून’ असे होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा तुकडा घेऊन पेशींचे संवर्धन सुरू केले. ते १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे चालले. त्यावरून पेशी मुळात अमर आणि मरते ते शरीर, असे ठरले. शरीरपेशींच्या विभाजनाला मर्यादा असावी, असे ऑगस्ट वाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकातच सुचवले होते. पण नोबेल मिळवलेल्या कॅरेल यांच्या दबदब्यापुढे ते मागे पडले.

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत मानवी गर्भाच्या पेशी वाढवताना हेफ्लिक यांना वेगळेच दिसले. सुमारे पन्नास वेळा दुप्पट झाल्यावर पेशींचे विभाजन थांबे. पोषणद्रवात खोट असेल, विषाणू शिरला असेल, अशी शंका साहजिक होती. ती फेडण्यासाठी त्यांनी आणि गुणसूत्रतज्ज्ञ पॉल मूरहेड यांनी केलेला प्रयोग साधेपणात अप्रतिम आहे. पुष्कळ विभाजने झालेल्या पुरुषपेशी आणि थोडीच झालेल्या स्त्रीपेशी त्यांनी एकाच बाटलीत वाढवल्या. अन्न तेच, ऊब तीच. काही काळाने बाटलीत स्त्रीपेशीच उरल्या. दोष बाहेरचा असता तर दोन्ही एकदम थांबल्या असत्या. गोठवलेल्या पेशींचे तर आणखी नवल: पुन्हा ऊब मिळाल्यावर त्या उरलेली विभाजनेच तेवढी करत. पेशी मोजत होती ती विभाजने, गेलेला काळ नव्हे.

एका प्रतिष्ठित नियतकालिकाने या प्रयोगांवरचा निबंध नाकारला; १९६१ मध्ये ‘एक्सपेरिमेंटल सेल रिसर्च’ने तो छापला. वार्धक्याच्या संशोधनात आज त्याचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. ‘हेफ्लिक मर्यादा’ हे नाव मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९७४ मध्ये दिले. कॅरेल यांचा प्रयोग इतरांना पुन्हा साधला नाही. पोषणासाठी घातल्या जाणाऱ्या गर्भअर्काबरोबर ताज्या पेशी आत जात असाव्यात, असे हेफ्लिक यांचे मत होते.

मोजणी कशी होते, हे नंतर उलगडले. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर प्रत्येक विभाजनात थोडे झिजतात. ही झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या आणि टेलोमिअरच्या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल मिळाले. बहुतेक कर्करोगी पेशींत हाच विकर जागा झालेला असतो. तात्त्विक दृष्टीने हा भाग सर्वांत मोलाचा आहे: एकट्या पेशीचे अमरत्व साऱ्या शरीराचा घात करते, आणि मर्यादा हे शरीराचे संरक्षणही ठरते.

मात्र यातून माणसाचे आयुष्य आधीच लिहिलेले असते, असा दैववाद काढणे चूक आहे. माणूस मरतो तेव्हा त्याच्या असंख्य पेशींची विभाजने शिल्लक असतात. खुद्द हेफ्लिक वार्धक्याला ठरवून दिलेला कार्यक्रम मानत नसत; रेणूंची घडी हळूहळू विस्कटणे म्हणजे वार्धक्य, अशी त्यांची भूमिका होती. तारुण्य परत देण्याच्या बाजाराविरुद्ध २००२ मध्ये ५१ शास्त्रज्ञांनी काढलेल्या निवेदनाचे ते एक लेखक होते.

दुसरा प्रश्न नीतीचा. हेफ्लिक यांनी १९६२ मध्ये तयार केलेला ‘डब्ल्यूआय-३८’ हा पेशीवाण स्वीडनमधील एका कायदेशीर गर्भपातातून आला आणि त्या स्त्रीची संमती घेतलेली नव्हती. अशा पेशींवर बनवलेल्या लशी घ्याव्यात का, या प्रश्नावर कॅथलिक धर्मपीठाच्या ‘पॉन्टिफिकल अकॅडमी फॉर लाइफ’ने २००५ मध्ये मत दिले: दुसरा पर्याय नसेल तर मुलांच्या रक्षणासाठी घ्याव्यात, पण पर्यायाची मागणी सोडू नये. हा निवाडा योग्य वाटतो. रुबेलाची ‘आरए २७/३’ ही लस विस्टारमध्येच, याच पेशींच्या आधारे घडली आणि रुबेला हा गर्भातील बाळाला आंधळे-बहिरे करणारा, गर्भपात घडवणारा रोग आहे. त्या स्त्रीला न विचारणे मात्र तेव्हाही अन्यायच होता. हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीत रुबेला विषाणूचा हाच ‘आरए २७/३’ वाण असतो आणि तो मानवी पेशींवरच वाढवला जातो.