खडकाखालचे जीवन



11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला. तेथील भूकंपांच्या अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यातील गोठणे येथे 3 किलोमीटर खोल बोअर खणण्यात आली. ती 2017 मध्ये पूर्ण झाली. वर आपल्या सेमिनरी हिल्सवर दिसतो तशाच जातीचा काळा पाषाण, त्याखाली ग्रॅनाइट. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना या खोल खडकातही सूक्ष्मजीव आढळले. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. अशा ठिकाणचे काही जीव पाणी आणि खडक यांतून निर्माण होणाऱ्या हायड्रोजनवर अतिशय संथपणे जगतात.

हा शोध म्हणजे श्रद्धेचा पुरावा नव्हे. पण नम्रतेचा धडा जरूर आहे. ज्याला आपण निर्जीव दगड म्हणतो, त्यातही परमेश्वराने जीवन राखले आहे. मग वर्षानुवर्षे मिस्साला न आलेल्या शेजाऱ्याकडे, दारूत बुडालेल्या भावाकडे पाहून ‘याची श्रद्धा मेली’ असे आपण कसे म्हणावे? अधोलोकातही देव आपल्याला सोडत नाही, अशी 139 व्या स्तोत्रकर्त्याची साक्ष आहे. प्रभू येशू स्वतः कबरेच्या अंधारात उतरले.

या आठवड्यात अशा एका घराचे दार ठोठावू या. उपदेश नको, थोडा वेळ जवळ बसू या आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. आमेन.