नुसतं बघायचे पाचशे

यवतेश्वरच्या घाटात तात्यांच्या पिकअपनं मान टाकली. मागं बेदाण्याच्या पेट्या होत्या, कासच्या वाटेवरच्या हॉटेलांना पोचवायच्या; वजन म्हणावं तर काहीच नाही. तरी गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढं जाईना, मागं काळा धूर, आणि समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला. तात्या तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय एकसष्ट. कसाबसा घाट चढले, पेट्या उतरवल्या आणि परतताना साताऱ्यात एका गॅरेजला गाडी लावली.

तिथल्या पोरानं स्टिअरिंगखाली वायर जोडली, हातातल्या स्कॅनरवर बघितलं आणि सांगितलं, "पी०२९९. टर्बो गेलाय."

"म्हंजे?"

"नवा टाकायचा. चाळीस हजार धरा. मजुरी वेगळी."

बॉनेट उघडलंही नव्हतं. पी०२९९ या कोडचा अर्थ एवढाच, की टर्बोकडून इंजिनाला जेवढी दाबाची हवा मिळायला हवी तेवढी मिळत नाही. का मिळत नाही, ते त्या कोडात नसतं. टर्बो मेलेला असू शकतो, त्याला हुकूम देणारी नळी निसटलेली असू शकते, सेन्सर खोटं बोलत असू शकतो. पण पडद्यावर 'टर्बो' ही अक्षरं उमटली, की गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघांनाही निकाल लागल्यासारखं वाटतं.

पैशाची सोय करून येतो म्हणून तात्या निघाले. कराड, पेठ नाका, आष्टा, सगळा सपाटीचा रस्ता. गाडी मुकाट सांगलीला आली. धाप लागली होती ती तात्यांनाच. ती गेले काही महिने लागतच होती. गच्चीवर जायचं म्हटलं तरी मधल्या पायरीवर थांबायला लागे. गावात 'फुल बॉडी चेकअप'वाले आले तेव्हा तात्यांनीही हात पुढं केला होता. बहात्तर चाचण्या, एकच सुई. रिपोर्ट मोबाइलवर आला, त्यातला एक ठळक आकडा घरात सगळ्यांनी वाचला: एचबीएवनसी ६.७. शुगर! चहातली साखर गेली, ओळखीच्या मेडिकलवाल्यानं गोळी सुरू करून दिली. धाप मात्र होती तिथंच राहिली, उलट वाढली. वय झालं, असं तात्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

सांगलीत कुपवाड रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये म्हातारे मिस्त्री बसतात. उमेद होती तोवर किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात नोकरी केली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर वसवलेली ती वाडी. आसपासच्या निम्म्या मिस्त्र्यांचा हात तिथंच बसलाय. मिस्त्रींनी कोड ऐकून घेतला, मान हलवली आणि स्टूल पुढं ओढलं.

"कधीपास्नं ओढंना झालीय?"

"झाले की दोन-तीन महिने."

"चढावरच, का सपाटीलाबी?"

"चढावर. भार असला की जास्त."

"सूं असा आवाज येतो?"

तात्या जरा थांबले. "येतो. मला वाटलं वाऱ्याचा."

"त्याच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता?"

"दिवाळीला बेल्ट बदलला."

"मग ओढंना झाली ती त्याच्या आधी का नंतर?"

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. नंतर. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता.

"तात्या, विहिरीवर मोटर चालू हाय पण पाणी येईना, तर पयली मोटर बदलता का?"

"न्हाई. फूटव्हॉल बघतो. पाइपला हवा धरतीय का बघतो."

"मग हितं चाळीस हजार घालायला कशाला निघाला?"

बॉनेट उघडलं. मिस्त्रींनी बॅटरी मारली आणि टर्बोकडून इंटरकूलरकडं जाणाऱ्या जाड रबरी पाइपाखालून बोट फिरवलं. बोट काळं झालं. धुळीनं नव्हे, तेलकट चिखलानं. बाकी पाइप कोरडा, एका क्लिपपाशी तेवढा चार बोटं पट्टा ओलसर. टर्बोच्या हवेबरोबर इंजिन ऑइलची थोडी वाफ जातेच. जिथनं हवा बाहेर पडते तिथं ती वाफ बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते. मिस्त्रींनी वाट एका टोकाला बुच मारून बंद केली, कॉम्प्रेसरची हवा अगदी हलकी सोडली आणि दाढीच्या ब्रशनं साबणाचा फेस लावला. क्लिपच्या पोटाखाली बुडबुडे फुगायला लागले. क्लिप सोडून बघितली तर पाइपला पेराएवढी चीर. बेल्टच्या कामात हा पाइप आड येतो, तो काढून परत घालताना क्लिप तिरकी आवळली होती, आणि तिनंच रबर कातलं होतं.

"टर्बो हवा करतोय बरोबर," मिस्त्री म्हणाले, "ती वाटंत सांडतीय. डिझेल तेवढंच, हवा कमी, मग काळं न्हाई ओकणार तर काय?"

तासाभरात पाइप बदलला, दिवा गेला, तात्या अंकलीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आले. मग बिल आलं. पाइप अकराशे, क्लिप साठ, बघायचे पाचशे.

"पाइपाचं समजलं," तात्या म्हणाले. "नुसतं बघायचे पाचशे?"

"टर्बो बदलला असता तर बघायचं फुकट होतं."

तात्या हसले, पण पाकीट निघेना. मिस्त्रींनी हात पुसत पुसत सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. सातारच्या त्या पोराला ते शिव्या देत नव्हते. "त्यानं तासभर खाली डोकं घालून तुमच्याकडं पाचशे मागितले असते, तर तुम्ही दिले असते का? म्हणला असता, काय बदललं दाखव. म्हणून ती पोरं बदलतात. आणि एक सांगू? नवा टर्बो बसवला असता तरी गाडी पळाली असती. बसवताना ह्यो पाइप काढायलाच लागतो, चीर दिसली की दुसरा घातला असता, क्लिप सरळ आवळली असती. गाडी पळाली, म्हंजे टर्बोच गेला हुता! त्या पोरालाबी जन्मात कळलं नसतं."

चुकीचा इलाज लागू पडला की निदानाची चूक कायमची झाकली जाते. आपल्याकडं असे किती टर्बो, किती पित्ताशयं आणि किती फ्रिजचे कॉम्प्रेसर सुखानं बदलले गेले असतील, देव जाणे. यंत्राचे पैसे आपण देतो, सुट्या भागाचे देतो; प्रश्न विचारणाऱ्याचे द्यायचे म्हटले की हात आखडतो. मग बाजारात प्रश्न कशाला राहतील?

तात्यांनी पाचशे दिले. चहा आला. आणि चहाबरोबर तात्यांना २०१० साल आठवलं. त्या हंगामात महाराष्ट्रातली द्राक्षं युरोपात अडकली ती सीसीसीपायी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडपायी. छाटणीनंतर वेलीचा शेंडा आवरायला बागायतदार ते वर्षानुवर्षं मारत आले होते. तिकडं द्राक्षात त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. इथनं माल निघाला तो रीतसर नमुने देऊन, प्रयोगशाळेचे स्वच्छ रिपोर्ट घेऊन. रिपोर्ट खोटे नव्हते. ज्या औषधांचे अंश शोधायचे त्यांच्या यादीत हे नावच नव्हतं, मग ते सापडणार कसं? त्यानंतर ते यादीत आलं. तोवर कैक बागायतदारांची कर्जं वाढून बसली होती. तात्यांचीही.

"तवापास्नं मी कुठलाबी रिपोर्ट हातात आला की पयली यादी वाचतो," तात्या म्हणाले. "काय बघितलंय आणि काय न्हाई."

"मग धाप कसली लागतीय तुम्हाला मघापास्नं?"

"शुगर निघालीय."

"कुणी बघितली?"

"रिपोर्टात आली."

"म्हंजे स्कॅनर लावला," मिस्त्री म्हणाले आणि कप खाली ठेवला.

सांगलीत माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न 'मिरजेला दाखवलं का' हाच असतो. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभं केलं तेव्हापासून या गावाला ती सवय लागली. कर्नाटकातनं माणसं रेल्वेनं उतरायची. तात्या दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी फाइल घेतली, पण उघडली नाही. तात्या खुर्चीचा हात धरून हळूच बसले होते, ते त्यांनी बघितलं होतं.

"काका, गुडघे दुखतात?"

"लई."

"त्याला काय घेता?"

"गोळी. मेडिकलमधनं. रोज एक, बाग सुरू असली की दोन. झालं वर्ष."

"जेवायच्या आधी की नंतर?"

"आठवंल तेव्हा."

बाईंनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाली नव्हतीच. मग विचारलं, "शी काळी होते? चिकट?"

तात्यांनी सुनेकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि मान डोलावली. होत होती, कधीमधी. हे काय कुणाला सांगायचं असतं?

आता फाइल उघडली गेली. तिसऱ्या पानावर हिमोग्लोबिन होतं ८.२, तेही ठळकच छापलेलं. घरात ते कुणी वाचलंच नव्हतं, कारण शुगर हा शब्द सगळ्यांना कळतो. बाईंनी समजावलं ते असं: हिमोग्लोबिनला साखर किती चिकटलीय ते एचबीएवनसी मोजते आणि त्यावरून दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज काढते. पण अंगात लोहच कमी असलं, तर साखर ठीक असूनही हा आकडा वर दिसू शकतो. म्हणून आधी लोह बघायचं, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर बघायची. "लोह कमी निघालं तर दुर्बीण घालून पोट बघायचं, रक्त कुठनं जातंय ते शोधायचं. लोह बरोबर असलं तर मी दुसऱ्या वाटेनं जाणार. एकदम सगळं तपासायचं नाही."

लोह तळाला गेलं होतं. साखर उपाशीपोटी ९२, जेवणानंतर १२६. दुर्बिणीत जठरात अल्सर दिसला, वेदनाशामक गोळ्यांनी केलेला. गुडघ्याची गोळी बंद, शुगरची गोळी बंद, जठराचं औषध आणि लोह सुरू.

इथं थोडं विषयांतर. प्रयोगशाळेत 'नॉर्मल' म्हणून जी मर्यादा छापतात, ती बहुतेक वेळा १०० निरोगी माणसांतली ९५ आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणीत ५ धडधाकट माणसं बाहेर पडणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर काहीही झालेलं नसताना १०० पैकी ६४ जणांचा एखादा तरी आकडा ठळक छापून येईल. बहात्तर चाचण्यांचा हिशेब वाचकांनी घरी करावा. पॅकेज स्वस्त असतं, त्यातनं निघालेली काळजी स्वस्त नसते. तात्यांच्या कागदात तर खरा रोग होताच, पण तो शोधायला आधी गुडघ्याची चौकशी करावी लागली. बाईंच्या फीत त्या चौकशीचा भाव किती धरला होता कोण जाणे. प्रयोगशाळेच्या बिलापेक्षा फी कमीच होती.

तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १२.६ वर आलं, एचबीएवनसी ५.८ वर. चहात साखर परत आली, अर्धा चमचा.

मे अखेरीस शेजारचा बागायतदार बांधावर आला. खरड छाटणीला चाळीस-बेचाळीस दिवस झाले होते आणि त्याच्या बागेत पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या. दुकानदारानं मोबाइलवर फोटो बघून पोटॅशची कमतरता सांगितली होती. पोती गाडीत भरून तयार होती. तात्या बागेत गेले. दोन ओळी पायी फिरले, खालची पानं उलटी करून बघितली, कोवळी बघितली.

"सगळ्या बागेत हाय?"

"न्हाई. ओढ्याकडच्या अंगाला जास्त."

"तिकडं पाणी कुठलं?"

"औंदा बोअरचं. विहीर आटली."

तात्यांनी बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. मचूळ. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी त्यांनी बघितलेल्या होत्या. पोटॅश कमी पडलं तरी पानाच्या कडा करपतात आणि मीठ जास्त झालं तरी करपतात. नुसत्या फोटोवरून दोन्हींत फरक करणं अवघड. आणि गाडीतली पोती होती म्युरेट ऑफ पोटॅशची, म्हणजे पोटॅशियमबरोबर पुन्हा क्लोराइडच.

"देठ परीक्षणाला दे," तात्या म्हणाले. "काडीवरच्या पाचव्या पानाचे देठ. ओढ्याकडचे वेगळे, वरच्या अंगाचे वेगळे, पिशव्या एकात एक करू नको. आणि फॉर्मवर सोडियम, क्लोराइडवर खूण कर. खूण न्हाई केली तर ते बघणार न्हाईत."

"आणि मीठ निघालं तर?"

"पोती परत. बोअर बंद. टँकरचं बघ."

"न्हाई निघालं आणि पोटॅशच कमी निघालं तर?"

"तर तुझा दुकानदार खरा. उतर पोती आणि घाल पोटॅश."