वाकायचे कोणी?

जपानी चहाविधीला, म्हणजे चानोयुला, शांततेचा विधी म्हणून जगापुढे मांडण्याची आता रीतच पडली आहे. परदेशी पाहुणा जपानला गेला की त्याच्या कार्यक्रमात बहुधा एखादे चहापान असते. 2014 मध्ये शिंझो आबे यांनी टोकियोच्या आकासाका प्रासादात नरेंद्र मोदींसाठी असाच विधी योजला होता. या चहापानात खोटे काही नाही. पण त्याची ताकद त्याच्या शांतपणात आहे असे मानले, तर इतिहास लगेच आडवा येतो. हा विधी घडला तोच मुळी सोळाव्या शतकातल्या यादवीत. त्या यादवीतला बलाढ्य सत्ताधीश ओदा नोबुनागा चहाची नामांकित भांडी सरदारांना इनाम म्हणून देत असे. त्या भांड्यांचे मोल इतके वाढले होते की ताकिगावा काझुमासु या सरदाराला 1582 मध्ये अख्खा प्रांत मिळाला, तरी मनातली चहाची डबी हुकली याचीच त्याला रुखरुख लागली, असे सांगतात. विधीला आजचे वळण लावणारे सेन नो रिक्यू हे नोबुनागानंतरचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचे चहागुरू. त्याच हिदेयोशीच्या हुकमावरून 1591 मध्ये त्यांना स्वतःचे पोट चिरून मरावे लागले. चहावर ग्रंथ लिहिणारा ई नाओसुके हा 1858 मध्ये अमेरिकेशी व्यापारी तह करणारा शोगुनशाहीचा सर्वोच्च मंत्री होता. त्याने विरोधकांना देहान्ताच्या शिक्षा दिल्या, आणि 1860 मध्ये एदोच्या किल्ल्याबाहेर त्याचीही हत्या झाली. चहाच्या खोलीत बसणारी माणसे मवाळ होतात, हा दावा या माणसांपुढे टिकत नाही.

तरीही राजनयाला या विधीचा उपयोग आहे, असे माझे ठाम मत आहे. तो कशात आहे हे समजून घ्यायचे तर सौहार्द, शांती हे शब्द जरा बाजूला ठेवून खोलीत कोण काय करते ते पाहावे. रिक्यूंच्या वळणाच्या खोलीचे दार सुमारे 66 सेंटिमीटर उंच असते. सामुराई असला तरी त्याने तलवार बाहेरच्या फळीवर ठेवायची, मान खाली घालायची आणि गुडघ्यांवर सरकत आत यायचे. पाहुणा असा वाकतो; पण त्याहून जास्त वाकतो तो यजमान. एरवी हुकूम सोडणारा हा माणूस इथे स्वतः निखारे रचतो, स्वतः भांडी आणतो, पाहुण्यांदेखत वाडगा विसळून पुसतो, बांबूच्या घुसळणीने चहा फेसाळतो. वाडग्याची दर्शनी बाजू तो पाहुण्याकडे करून ठेवतो. पाहुणा वाडगा उचलतो आणि आपले ओठ त्या बाजूला लागू नयेत म्हणून पिण्याआधी तो हातातल्या हातात फिरवतो. म्हणजे चांगली बाजू यजमान पाहुण्याला देतो, आणि पाहुणाही ती स्वतःकडे ठेवत नाही. दाट चहाच्या वेळी तर सगळे पाहुणे एकाच वाडग्यातून पितात. आपले ओठ लागले ती कड पुसायची आणि वाडगा पुढच्याच्या हाती द्यायचा. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावर जिथे माणसाची पायरी ठरत आली, तिथल्या वाचकाला या कृतीचे वजन वेगळे सांगायला नको. बोलणेही वाडग्याविषयी, भिंतीवरच्या लेखनपटाविषयी, ऋतूविषयी; मागण्या आणि तक्रारी तलवारीसारख्याच बाहेर राहतात. बलवान माणसाने सर्वांदेखत कमीपणा घ्यायचा आणि तो कमीपणा वाटू द्यायचा नाही, हे या विधीचे खरे काम आहे. दोन देशांमध्ये नेमकी याचीच टंचाई असते.

हा वाकण्याचा भाग काढून घेतला की काय उरते, तेही हिदेयोशीनेच दाखवून दिले. त्याने सोन्याने मढवलेली, सुटी करून कुठेही नेता येईल अशी चहाची खोली बनवून घेतली. 1586 मध्ये ती सम्राटापुढे मांडली गेली. 1592 मध्ये कोरियावर फौजा धाडताना ती क्यूशूतल्या नागोया किल्ल्यात, म्हणजे थेट युद्धाच्या तळावर, पोहोचली. चहा तोच होता, पण यजमान पाहुण्याला दिपवायला बसला होता. याच्या अगदी उलट उदाहरण 1872 चे आहे. क्योतोमध्ये प्रदर्शन भरणार होते, परदेशी लोक येणार होते आणि त्यांना चटईवर गुडघे मोडून बसणे जमणार नव्हते. चहाविधी शिकवणाऱ्या उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साई यांनी टेबल आणि बैठकीची आसने घेऊन करायची नवी पद्धत बसवली. पिढ्यान्‌पिढ्या चटईवर चाललेला विधी पाहुण्याच्या गुडघ्यांसाठी नव्याने घडवायचा, याला मी मोठी मुत्सद्देगिरी म्हणतो. पाहुण्यांच्या बाजूनेही असे घडले आहे. पुढे गोव्यात जेझुइटांचा प्रांतप्रमुख झालेला अलेस्सांद्रो व्हालिन्यानो 1579 मध्ये जपानला पोहोचला, आणि तिथल्या आपल्या मठांमध्ये येणाऱ्यांना रीतीप्रमाणे चहा देण्याची नीट सोय असली पाहिजे, असा दंडक त्याने घालून दिला. धर्म शिकवायला आलेल्यांना आधी चहा द्यायला शिकावे लागले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: राष्ट्रे हितसंबंधांवर चालतात, चहावर नाही. 1983 च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान नाकासोने यांनी हिनोदे इथल्या आपल्या साध्या घरी रोनाल्ड रेगन यांना स्वतः चहा करून दिला. मैत्रीचा फार गाजावाजा झाला. 1987 च्या एप्रिलमध्ये त्याच रेगन यांनी संगणक, दूरचित्रवाणी संच अशा सुमारे 30 कोटी डॉलरच्या जपानी मालावर शंभर टक्के आयातकर लावला. जेझुइटांनाही चहाने वाचवले नाही. 1614 मध्ये त्यांची हकालपट्टी झाली, आणि रिक्यूंचा ख्रिस्ती शिष्य ताकायामा उकोन मनिलाला हद्दपार होऊन तिथेच वारला. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की आक्षेप चुकीच्या जागी बसतो. भांडण मिटवणे हे चहाचे कामच नव्हे. रेगन आणि नाकासोने यांच्यात आयातकरानंतरही बोलणे तुटले नाही. याचे सगळे श्रेय चहाला देणे भाबडेपणाचे होईल. पण करार करणाऱ्या माणसांना एकमेकांपुढे बसून राहता यावे लागते, आणि ते काही करारातून येत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हा विधी थोड्या घराण्यांच्या हातात आहे, तो शिकायला वर्षे आणि पैसा लागतो, आणि नियम न जाणणारा पाहुणा त्या खोलीत आपसूक खालच्या पायरीवर येतो. मग हा पाहुणचार की परीक्षा? ती पुष्कळदा परीक्षा होते, हे खरेच आहे. चार तास चालणारा विधी दहा मिनिटांत उरकून कॅमेऱ्यांपुढे उभा केला की पाहुण्याच्या अवघडलेपणाचे छायाचित्र तेवढे मागे उरते. पण चूक निस्तरण्याची जबाबदारी यजमानाची, ही समजही त्याच परंपरेतली आहे आणि गेन्गेन्साईंनी ती करून दाखवली होती. नियमांचे ओझे कोणाच्या खांद्यावर टाकले जाते यावर सगळे अवलंबून आहे.

तिसरी गोष्ट इतिहासाची, आणि तिथे कस लागतो. उरासेन्केचे पंधरावे प्रमुख सेन गेन्शित्सु यांनी तरुणपणी नौदलाच्या आत्मघातकी हल्ल्यांच्या दलात वैमानिकाचे प्रशिक्षण घेतले होते. उड्डाणाची पाळी येण्याआधी युद्ध संपले. पुढे चहाच्या वाडग्यातून शांतता हे त्यांनी आयुष्यभराचे व्रत मानले. 2011 च्या जुलैमध्ये, 88 व्या वर्षी, त्यांनी पर्ल हार्बरला बुडालेल्या ॲरिझोना युद्धनौकेच्या स्मारकावर चहा केला आणि तिथल्या 1,177 मृतांना अर्पण केला. तो चहा दिपवण्यासाठी नव्हता, आणि पिणाऱ्याची परीक्षा घेणे तर शक्यच नव्हते. ज्या देशाने तिथे बाँब टाकले, त्या देशाचा एक सैनिक तिथे जाऊन बसला, एवढ्यानेच त्या कृतीला वजन आले.

कोरियाच्या बाबतीत असे वजन जपानला अजून पुरते कमवायचे आहे. चहाच्या जगात सर्वांत मानाचे मानले जाणारे इदो वाडगे कोरियातले, साध्या हातांनी घडवलेले. हिदेयोशीच्या 1592 ते 1598 च्या स्वाऱ्यांत कोरियन कुंभार जपानला नेले गेले. आरिता, हागी, सात्सुमा इथल्या भट्ट्या त्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या. विधीत चहा पिऊन झाल्यावर पाहुण्याने वाडगा हातात घेऊन न्याहाळायचा असतो आणि हा कुठला, कोणी घडवला, असे विचारायचे असते. प्रश्न रीतीचाच आहे. तो विचारला तर कोणी रागवू शकत नाही, आणि यजमानाला उत्तर टाळता येत नाही. सोल शहरातून आलेल्या पाहुण्याच्या हाती हागीचा वाडगा देणाऱ्या यजमानाने तो कुंभार समुद्र ओलांडून कसा आला हेही सांगितले पाहिजे. ‘कोरियन वळणाची सुंदर घडण’ एवढेच बोलून तो थांबला, तर उरलेले पाहुण्याला माहीत असतेच.