गोंगाट कशाला म्हणावे?

'गोंगाट' हा वर्णनाचा शब्द वाटतो, पण खरे पाहता तो निवाड्याचा शब्द आहे. आपल्या गणपतीपुढे ताशा कडाडला की तो उत्साह. तोच दुसऱ्याच्या वरातीत कडाडला की गोंगाट. शासकीय सेवेत असताना या शब्दाशी आमची गाठ बहुधा कागदावरच पडली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सारा प्रश्न डेसिबलवर आणून ठेवला. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीच्या शंभर मीटरांत दिवसा 50, रात्री 40. कारभारासाठी हे योग्यच होते. ज्वराने तळमळणाऱ्या रुग्णाला बाहेर वाजवणारा गुणी आहे की निर्गुणी, याच्याशी काय कर्तव्य? मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात 1978 पासून 'जॅझ यात्रा' भरत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तेथील संगीताचे जलसे बंद पडले. त्याबद्दल नियमाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु मोठा आवाज आणि वाईट आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र आकड्याला कळत नाही. ते कळण्यासाठी दुसरी कसोटी लागते.

ज्या संगीताने आम्हांस हा विचार करावयास लावले, ते प्रथमश्रवणी कानांना छळणारे आहे. 1969 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे माइल्स डेव्हिस या तुतारीवादकाने जॅझच्या उत्स्फूर्त विस्ताराला रॉकची विजेवरची वाद्ये जोडली. त्या ध्वनिमुद्रणात जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक होता. त्याने 1971 साली 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' हा वाद्यवृंद काढला. या प्रकारात गोड चाल हाती लागेल तर शपथ. सॅक्सोफोन किंचाळतो, गिटार करवतीसारखी चालते, ताल सात-नऊ-अकरा मात्रांत अडखळल्यासारखा धावतो आणि चौघे-पाच जण एकाच वेळी आपापले बोलत असतात. नाट्यगीतांवर वाढलेल्या माणसाला माळ्यावरून भांड्यांचे फडताळ कोसळल्याचा भास व्हावा. यात एक रांगडी शक्ती आहे हे कबूल. पण नुसत्या शक्तीला कला का म्हणावे? शक्ती तर आमच्या उधन्याच्या यंत्रमागातही असते आणि त्याची खटखट तालात असते!

या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता आपल्याच एका घराण्यापाशी येऊन थांबावे लागते. त्रिलोक गुर्टू यांचा जन्म 1951 सालचा, मुंबईचा. आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू, आजी मेनकाबाई शिरोडकर. मेनकाबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीतल्या. शोभाताईंची प्रारंभीची तालीम खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडची, ठुमरी-दादऱ्याची घम्मनखाँ यांची. 'सामना' या मराठी चित्रपटातील त्यांचा आवाज आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांत असेल. अशा घरातला मुलगा तबला शिकतो आणि मग ड्रमकडे वळतो. त्यांनीच पुढे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले आहे की, पाश्चात्त्य तबकड्या ऐकून शिकताना एकावर एक ध्वनिमुद्रण करण्याची युक्ती त्यांना ठाऊकच नव्हती. तबकडीत जे ऐकू येते ते सारे एकच माणूस वाजवतो, अशा समजुतीने ते सगळे भाग एकट्याने बसवू लागले. ज्याला कोणी हात घातला नसता, ते हाताला साधले! अज्ञानाचा असा लाभ क्वचितच कोणाला झाला असेल.

एम्ब्रियो या जर्मन प्रयोगशील वाद्यवृंदाच्या 1977 मधील ध्वनिमुद्रणात त्रिलोक यांच्यासोबत शोभाताईही गायल्या. 1984 साली कॉलिन वॉलकॉट मोटार अपघातात गेल्यावर 'ओरेगॉन' या अमेरिकन संचात त्यांची जागा त्रिलोक यांनी घेतली. 1989 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ते मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत होते. त्यांची बैठक पाहण्यासारखी असते. ड्रमवादक स्टुलावर बसतो. हे जमिनीलगत, तबलजीच्या जवळपास जाणाऱ्या बैठकीत. भोवती तबला, झांजा, घंटा, शंखशिंपले आणि पाण्याने भरलेली बादली. घंटा वाजवून पाण्यात बुडवली की तिचा स्वर वाकतो, खाली घसरतो. आधीची पाच मिनिटे वादळ झालेले असते आणि मग हा माणूस पाण्यातल्या एका थेंबासाठी सगळ्या सभागृहाला थांबवतो. रांगडेपणाचा अर्थ आम्हांस तेथे लागू लागला. ज्याला थांबता येते, त्याच्याच वेगाला काही मोल आहे.

पण परंपरा मोडली, त्याचे काय? ही तक्रार अल्लादियाखाँसाहेबांच्या नातशिष्येच्या घरी तरी करू नये. अतिगायनाने खाँसाहेबांचा आवाज बिघडला आणि उरलेल्या आवाजाला झेपेल अशी वेगळी, वक्र, अवघड गायकी त्यांनी घडवली, हे सर्वश्रुत आहे. आज आपण जिला घराणे म्हणून हात जोडतो, ती कोणे एके काळी एका जायबंदी गळ्याची धडपड होती. देवासला क्षयाच्या आजारातून उठलेल्या कुमार गंधर्वांच्या वाट्यालाही 'परंपरा सोडली' हेच शब्द आले होते.

याचा अर्थ मोडतोड करणारा प्रत्येक जण अल्लादियाखाँ असतो, असा मात्र नाही. या संगीताच्या नावाखाली पुष्कळ आरडाओरड खपवली गेली आहे. आम्ही ऐकलेल्यांपैकी निम्मे तरी दुसऱ्यांदा ऐकण्यासारखे नव्हते. मग निवड कशी करावी? आमच्यापुरती कसोटी अशी की, वाजवणारा इतरांचे ऐकतो आहे का. पाच जण एकदम बोलत असले तरी गिटारने टाकलेला तुकडा ड्रमने उचलला, त्याला उलटा जबाब दिला, मग गिटारने वाट बदलली, असे होत असेल तर तो संवाद आहे, कितीही कर्कश असो. नसेल तर पाच जणांचे पाच हट्ट.

सुरतकरांना हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर 1907 मध्ये तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधील मंडपात काँग्रेस भरली होती. जहाल आणि मवाळ ही नावे आपण शाळेत पाठ केली, त्या फुटीचे ठिकाण आपलेच गाव. टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर गेले, त्यांना बोलू दिले गेले नाही, ते हाताची घडी घालून उभे राहिले. खुर्च्या उचलल्या गेल्या आणि मराठी घाटाचा एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. आपल्या घरांत ही कथा थोड्या अभिमानाने सांगितली जाते; जोडा आपल्याकडचा ना! पण त्या मंडपात गोंगाट केव्हा सुरू झाला? आमच्या मते जोडा उडाला तेव्हा नव्हे. कार्यक्रमपत्रिका हाती धरून बसलेल्यांनी समोरच्याचे ऐकायचे नाही असे ठरवले, तेव्हाच. त्या क्षणी मंडप कदाचित शांतही असेल. मवाळांचा गोंगाट मुकाट असतो, म्हणून नियमात सापडत नाही.

आणि येथे आम्हांस आपल्या मंडळींची काळजी वाटते. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या कुटुंबांना जतनाची सवय लागते. मूळ गावी लोकांनी सोडून दिलेले शब्द, आरत्या, रीतीभाती आपण बरणीत मुरवून ठेवल्या. त्याबद्दल कोणी नाके मुरडू नयेत. पण बरणी घट्ट लावून बसलेल्या घरात नातवाच्या खोलीतून विचित्र आवाज आला, तर आपला पहिला शब्द कोणता असतो? 'बंद कर तो गोंगाट.' तो काय वाजवतो आहे हे विचारण्याआधीच.

1988 साली त्रिलोक यांचा 'उसफ्रेट' हा ध्वनिमुद्रित संच निघाला. डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर अशी नामांकित मंडळी त्यात आहेत आणि शोभाताईही आहेत, वयाच्या साठीच्या पुढे गेलेल्या. त्या तेथे जॅझ गात नाहीत. भोवती मुलाची झांज फुटते आहे, विजेवरचे स्वर उसळत आहेत, आणि त्यांचा स्वर आपल्या चालीने, आपल्या हरकती घेत चालला आहे. मुलाने आवाज उतरवलेला नाही. आईनेही चढवलेला नाही.